पत्र्याआडच्या तारा

गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचे एक गाव आहे. निपाणीहून निघाले तर तासा-दीड तासाची वाट. आपल्या भागातल्या शंभर गावांसारखेच तेही एक गाव. या गावी १९०८ साली जन्मलेला एक मुलगा पुढे जर्मनीत गॉटिंगेनला गेला, आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे प्रांटल यांच्या हाताखाली शिकला आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवून मोकळा झाला. ते डॉ. विष्णू माधव घाटगे. वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्यात घाटग्यांच्या देखरेखीखाली 'एचटी-२' हे आपल्या देशातच आखलेले आणि आपल्या देशातच बांधलेले शिकाऊ विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते आकाशात गेले. त्यामागून पुष्पक, कृषक आणि किरण. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ साली ते गेले.

यांतले पुष्पक मला विशेष आवडते, कारण ते गरिबाचे विमान आहे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ताणून बसवलेले कापड, शेजारी शेजारी दोन जागा आणि पुढे नव्वद अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजिन. २८ सप्टेंबर १९५८ रोजी ते पहिल्यांदा उडाले आणि पुढच्या दहा वर्षांत देशातल्या फ्लाइंग क्लबांसाठी दीडशेच्या आसपास पुष्पके बनली. या इंजिनाला बटण दाबून सुरू होण्याची चैन नव्हती. एकाने आत बसायचे आणि दुसऱ्याने पुढे उभे राहून पंखा हाताने फिरवायचा. आपल्याकडे जुनी ऑइल इंजिने हँडल मारून सुरू करीत, तशातलाच प्रकार.

आता बॅटरी नाही तर ठिणगी कुठून येते? त्यासाठी मॅग्नेटो असतो. सायकलच्या डायनामोचा थोरला भाऊ म्हणा. चाक फिरले की दिवा लागतो, तसे इंजिन फिरले की लोहचुंबक फिरतो आणि ठिणगी पडते. विमानाच्या इंजिनाला असे दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. दिवे, रेडिओ, बॅटरी सगळे मेले तरी इंजिनाला त्याची खबर नसते. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून पाहतो आणि इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात की नाही ते बघतो.

माझे मन अडकले ते या 'बंद' करण्याच्या रीतीत. घरात आपण दिव्याचे बटण बंद करतो तेव्हा विजेची वाट तुटते आणि दिवा विझतो. मॅग्नेटोचे नेमके उलट. त्याच्यापासून स्विचपर्यंत एक तार आलेली असते. स्विच बंद केला की ती तार विमानाच्या धातूच्या अंगाला जोडली जाते, ठिणगीची वीज तिकडे वाहून जाते आणि इंजिन थांबते. म्हणजे ही तार मध्येच कुठे तुटली तर मॅग्नेटो बंद पडत नाही, तो बंद होण्याचाच थांबतो. स्विच 'बंद' दाखवीत असतो आणि इंजिन मात्र जागे असते. अशा वेळी कोणी सहज म्हणून पंख्याला हात लावून तो फिरवला तर एक ठिणगी पुरते. हात जातो, क्वचित जीवही जातो. म्हणूनच, तपासणीत फेरे कमी झाले नाहीत तर शहाणा वैमानिक खूश होत नाही, त्याला शंका येते. आणि म्हणूनच विमानतळावरचे जुने लोक उभ्या विमानाच्या पंख्याला कधी टेकत नाहीत.

एम.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतले होते. नीतिशास्त्राच्या पेपरात संयमावर पानेच्या पाने लिहिली. पण जिचे सारे काम आवरून धरणे एवढेच आहे, आणि जी तुटल्याचे कुणाला कळतही नाही, अशा तारेचा दृष्टान्त त्या पुस्तकांत मला कुठे भेटला नव्हता. असो.

हे ज्ञान मला दिले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. नाव सांगत नाही, त्याला ते आवडायचे नाही. बारावीनंतर तो हवाई दलात गेला. सांबऱ्याला, आपल्या बेळगावच्या उंबऱ्यावर, एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. तिथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली झाली आणि तेव्हापासून कितीतरी मुलांची पहिली कवायत तिथे झाली. यानेही तिथेच घाम गाळला. पुढे विमानातल्या विजेच्या कामात वीस वर्षे काढली, निवृत्त झाला आणि आता बंगळूरच्या बाजूला एका खासगी हँगरमध्ये काम करतो. गणपतीत गावी येतो तेव्हा हटकून घरी येतो आणि चहा दोनदा घेतो.

गेल्या खेपेला आला तो एका विमानाची गोष्ट घेऊन. दुसरे महायुद्ध संपल्यावर लगेच अमेरिकेत बनलेले ते एक दोन आसनी विमान. पुष्पकच्याच बिरादरीतले, पण याला बॅटरी आहे, इंजिनावर चालणारा जनरेटर आहे, स्टार्टर आहे, दिवे आहेत. अनेक मालक, अनेक शहरे, अनेक रंग पाहून ते आता एका हौशी गृहस्थाकडे आले आहे. त्यांना ते पुन्हा उडवायचे आहे. इंजिन उघडून झाले, कापड नवे झाले, राहिल्या होत्या तारा.

"सर, पुढचा पॅनल काढला आणि मी तिथंच स्टूल घेऊन बसलो," तो म्हणाला. "पाखराचं घरटं परवडलं."

मग त्याने जे वर्णन केले ते मी जमेल तसे देतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. मूळच्या तारा तांब्याच्या, त्यांवर रबराचे वेष्टन आणि त्याच्यावर सुती वीण, वर लाखेसारखा लेप. पाऊणशे वर्षांत रबर वाळून भाजलेल्या पापडासारखे झालेले. तार वाकवली की वेष्टन भुग्यासारखे गळते आणि आतले तांबे उघडे पडते. त्या मूळच्या तारांवर नंतरच्या कारागिरांनी आपापली भर घातलेली. एकाने तार अपुरी पडली म्हणून दुसरी पिळून जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. दुसऱ्याने चक्क घरगुती वायर वापरली, म्हणजे आपण टेबलफॅनला लावतो ती. तिचे प्लॅस्टिक पेटले तर असा विषारी धूर होतो की तेवढ्याशा खोपटात वैमानिकाला डोळे उघडे ठेवता येऊ नयेत. काही तारा कुठेच जात नव्हत्या. कधीकाळी रेडिओ होता, तो काढला, पण त्याची तार कापून पॅनलमागे तशीच सोडून दिली. आणि त्यातली एक अजून जिवंत होती. मुख्य स्विच टाकला की तिच्या उघड्या टोकाशी बारा व्होल्ट उभे. सगळ्या तारांचा रंग मळून एकच झालेला. कुठली कुठे जाते याची खूण नाही, चिठ्ठी नाही.

आणि तरीही, हे महत्त्वाचे, सगळे चालू होते. दिवे लागत होते, काटे हलत होते, स्टार्टर फिरत होता.

मालकांचे म्हणणे तिथूनच सुरू झाले. ते काही कंजूष गृहस्थ नव्हेत. त्यांना जुन्याचा मनापासून लोभ. त्यांचे म्हणणे असे की जे तुटले असेल तेवढे बदला, जे चालते त्याला हात लावू नका. त्या सुती विणीच्या तारा आता कुठे मिळणार? आपण पांढऱ्याशुभ्र नव्या तारा घातल्या तर आत ते विमान राहीलच कसे? वरून जुने आणि आतून कालचे, ही एक प्रकारची फसवणूकच नाही का?

माझ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न वेडगळ वाटला. मला तो तसा वाटला नाही. मला तर वाटते की जुन्या वस्तू, जुन्या संस्था, जुनी घरे सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न उभा असतो. चालते आहे त्याला हात लावावा का? लावला तर ते तेच राहते का?

पहिल्या अर्ध्याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. 'चालते आहे' हा तारेच्या बाबतीत पुरावाच नव्हे. दिवा लागतो म्हणजे तांबे अखंड आहे, एवढेच कळते. तांब्याभोवतीचे वेष्टन शाबूत आहे का, हे दिवा सांगत नाही. आणि विमानात माणूस मरतो तो बहुधा वेष्टन गेल्यामुळे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७४७ समुद्रावर फुटले. २३० माणसे गेली. चार वर्षांच्या तपासानंतर निष्कर्ष निघाला तो असा की मधल्या इंधनटाकीतली वाफ पेटली, आणि ती पेटवणारी वीज बहुधा टाकीबाहेरच्या तारांतल्या शॉर्टसर्किटमुळे, इंधन मोजणाऱ्या तारांच्या वाटेने आत शिरली. ते विमान पंचवीस वर्षांचे होते. पुढे दोनच वर्षांनी, २ सप्टेंबर १९९८ रोजी, स्विसएअरचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ आगीने पडले आणि २२९ माणसे गेली. ते विमान तर जेमतेम सात वर्षांचे. तिथे प्रवाशांच्या करमणुकीसाठी मागाहून बसवलेल्या यंत्रणेच्या तारेवर ठिणगी उडाल्याच्या खुणा सापडल्या, आणि आजूबाजूच्या आच्छादनाने पेट घेतला. म्हणजे दोष केवळ म्हातारपणाचा नाही. कुणीतरी नंतर येऊन घाईने भर घालतो, तिचाही आहे. या दोन्ही विमानांत निघण्याच्या क्षणी सगळे चालूच होते.

त्या विद्यार्थ्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी नववीच्या वर्गात लगेच सांगून टाकली. फ्यूज कशासाठी असतो? मुले म्हणाली, यंत्र जळू नये म्हणून. पण फ्यूज बसवतात तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी. तार किती वीज सोसू शकते ते पाहून फ्यूज ठरवायचा, जेणेकरून काही बिघडले तर पत्र्याआडची तार तापून लाल होण्याआधी समोरचा, हाताशी असलेला फ्यूज उडावा. आणि तो उडाला की आपण काय करतो? त्याच्या जागी जाड तार घालतो. आपल्याकडे निम्म्या घरांत हेच चालते आणि वर आपण म्हणतो, आता उडत नाही.

दुसरा अर्धा भाग अवघड आहे, आणि तिथे मालकांची बाजू लंगडी नाही. सगळ्या तारा बदलल्या तर ते विमान तेच का? हा प्रश्न फार जुना. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले, फळी कुजली की नवी घातली, आणि शेवटी ते तेच जहाज का, यावर त्यांच्यात दोन तट पडले, असे प्लूटार्क सांगतो. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक कळ लावून ठेवली. कुणी त्या काढून टाकलेल्या फळ्या गोळा करून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर मूळचे कोणते? आपल्याकडे मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते, की महाराज, आपण रथातून आलात, तर आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? सुटे काहीही रथ नव्हे, आणि सगळे मिळून जे चालते त्याला आपण सोयीने रथ म्हणतो. उत्तर चतुर आहे. पण त्याने माझे समाधान होत नाही, कारण रथात बसणाऱ्याचा त्यात विचार नाही.

बसणारा कोणी आहे की नाही, यावर माझ्या मते निम्मा निकाल ठरतो. विमान संग्रहालयात उभे करायचे असेल तर मालकांचे म्हणणे शंभर टक्के खरे. तिथे ती भुग्यासारखी गळणारी तारच मोलाची, तिला हात लावणे म्हणजे जुन्या पोथीवर नव्या शाईने गिरवणे. पण ज्या क्षणी तुम्ही म्हणालात की हे उडवायचे आहे, त्या क्षणी विमान निव्वळ स्मारक उरत नाही. शेजारच्या जागेवर कुणीतरी बसणार आहे. एखादा भाचा, एखादी नात. जुन्याविषयीचे प्रेम तिच्या जिवावर भागवण्याचा अधिकार मालकाला नाही. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, जीर्णोद्धार. देवळाचा जीर्णोद्धार करताना तुळई बदलतात, शिखर उतरवून पुन्हा चढवतात, आणि देव तोच राहतो, कारण दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा माणसे येणार असतात. नुसता चुना फासला तर त्याला कोणी जीर्णोद्धार म्हणत नाही.

पण मग फसवणुकीचे काय? मालकांचा तो शब्द मला बरेच दिवस टोचत राहिला. उत्तर सापडले ते शाळेच्या कपाटात.

आमच्या प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा. त्यात बदल करायला मनाई नाही. नावात दुरुस्ती होते, कधी जन्मतारखेतही होते. पण जुने अक्षर खोडून टाकायचे नसते, त्यावर गिरवायचे नसते. जुने वाचता येईल अशी एक आडवी रेघ, वर लाल शाईने नवे, बाजूला आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकाची सही. शेतजमिनीचेही तसेच. शेत आजोबांचे वडिलांचे होते, वडिलांचे माझे होते, त्यात विहीर पडते, बांध सरकतो, पीक बदलते, आमच्या भागात तर उताऱ्याची भाषाही बदलली. तरी ते तेच शेत, कारण फेरफाराची नोंद मागे मागे जाता येईल अशी लागलेली असते. मधली एक नोंद गाळली की तिथून कज्जा सुरू होतो.

विमानालाही असेच दप्तर असते. त्याला लॉगबुक म्हणतात. कोणत्या तारखेला काय काढले, काय घातले, कोणत्या जातीची तार, कोणी तपासले, खाली परवानाधारक अभियंत्याची सही. त्या सहीशिवाय विमान उडवता येत नाही. माझ्या मते विमानाचे तेच-पण या दप्तरात आहे. तांबे किती जुने यावर ते अवलंबून नाही. सगळ्या तारा बदलल्या आणि त्या बदलल्याचे स्वच्छ लिहून ठेवले, तर ते १९४० च्या दशकातलेच विमान आहे. उलट, एकही मूळ तार न काढता ती घरगुती वायर गुपचूप जोडणाऱ्याने विमान बदलून टाकले. ज्याच्यापासून पुढचा माणूस फसतो, तो बदल खरा बदल.

याला एक ताजे उदाहरण आहे आणि त्याने माझी बाजू थोडी कसाला लागते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटा विमानाचा क्रमांक होता व्हीपी ९०५. आज आपल्या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात व्हीपी ९०५ क्रमांकाचा एक डाकोटा आहे, नाव 'परशुराम'. तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी तो भंगारातून विकत घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करविला आणि डाकोटा उडविणाऱ्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ हवाई दलाला भेट दिला. ४ मे २०१८ रोजी हिंडन येथे तो दाखल झाला. हे ते श्रीनगरचे विमान नव्हे. क्रमांक त्याचा, अंग दुसऱ्याचे. मग ही फसवणूक का? मला वाटत नाही, कारण क्रमांक स्मरणार्थ दिला आहे हे लपवलेले नाही. पण पन्नास वर्षांनी कुणी पोरगा ते विमान पाहून शिक्षकाला म्हणेल की हेच श्रीनगरला उतरले होते, आणि शिक्षक मान डोलावेल, त्या दिवशी ती फसवणूक होईल, आणि ती करणारा शिक्षक असेल. नोंद नुसती लिहून भागत नाही. ती वाचणारा माणूसही मागे राहावा लागतो.

हे सगळे मी इतक्या तावातावाने का लिहितो आहे, ते सांगणे भाग आहे. आमच्या शाळेची जुनी इमारत कौलारू आहे. वर्गांतले वायरिंग लाकडी पट्टीवर क्लिपा मारून केलेले, त्यावर दर उन्हाळ्यात रंगाचा एक हात. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी देणगी जमवली. ठरत होते ते असे की दर्शनी भिंतीला रंग, नवी कमान, आणि कमानीवर देणगीदारांची नावे. मी म्हटले, आधी तारा. बैठकीला आलेल्या ठेकेदाराने मला समजावले, "सर, पंखे फिरत्यात, दिवे लागत्यात, कशाला उकरून काढताय? तारा कुणाला दिसणार?" त्या माणसाचे चुकले असे मी म्हणणार नाही. तो लोकांना काय दिसते ते ओळखून आहे. कमानीखालून फोटो निघतो, वायरिंगखालून निघत नाही. पण सातवीच्या वर्गात पावसाळ्यात बोर्डाला हात लावला की मुंग्या येतात, हे मुले एकमेकांना सांगतात आणि आम्हांला सांगत नाहीत, कारण त्यांना वाटते की शाळा अशीच असते. बैठकीत रात्री साडेदहापर्यंत वाद झाला. शेवटी कमान अर्धी झाली आणि निम्म्या खोल्यांच्या तारा मंजूर झाल्या. कौलांखालच्या खोल्या आधी, असे ठरले. उरलेल्यांसाठी मी अजून अर्ज लिहितो आहे.

ते विमान आता बरेचसे पुरे झाले आहे. नव्या तारांचे तांबे कथिलाचा मुलामा दिलेले, अनेक बारीक धाग्यांचे, वर आगीला दाद न देणारे पातळ वेष्टन. टोकांना डाग दिलेला नाही, कारण डागाने धागे ताठ होतात आणि इंजिनाच्या थरथरीने नेमके तिथेच मोडतात. त्याऐवजी धातूच्या टोप्या खास पकडीने दाबून बसवल्या आणि प्रत्येक टोपी ओढून पाहिली. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी कडे, दर थोड्या अंतरावर गादी लावलेली पकड, प्रत्येक तारेवर दोन्ही टोकांना तिचा क्रमांक. कुठेच न जाणाऱ्या तारा काढल्या तेव्हा विमान थोडे हलकेही झाले. मॅग्नेटोच्या दोन तारा त्याने सगळ्यात शेवटी, स्वतः, एकट्याने घातल्या आणि दुसऱ्याला तपासायला लावल्या. काढलेल्या जुन्या तारांची मोळी मालकांनी मागून घेतली. हॉब्जची मला आठवण झाली, पण मी बोललो नाही.

एका गोष्टीवर मात्र माझे आणि त्याचे अजून जुळलेले नाही. पॅनलवर डाव्या बाजूला जुनी फ्यूजची पट्टी होती, काचेच्या नळ्यांची. नवे सर्किट ब्रेकर दुसरीकडे बसवले, पण मालकांच्या आग्रहाखातर ती जुनी पट्टी जागेवर तशीच ठेवली आहे, शोभेसाठी. तिला मागे काहीही जोडलेले नाही. मी विचारले, "अरे, आणि उद्या विमान दुसऱ्याला विकलं तर?"

"लॉगबुकात लिहिलंय की सर. तुमचंच म्हणणं."

"वर धूर झाला तर तो माणूस लॉगबुक उघडणार की त्या पट्टीला हात घालणार?"

तो गप्प झाला. चहाचा दुसरा कप आला. मी म्हटले, पट्टीखाली एक बारीक अक्षरांची पाटी लाव, जोडलेली नाही एवढीच. तो म्हणाला की मालकांना ते दिसायला बरे वाटणार नाही, जुन्या पॅनलवर नवी पाटी. मी म्हटले, जुन्या वळणाच्या अक्षरात कर, पण लाव. दिवाळीनंतर परत गेल्यावर मालकांशी बोलतो, असे सांगून तो साडेसहाच्या निपाणी गाडीला गेला.